टोकाची साखर

संक्रांत आठ-दहा दिवसांवर आली की आमच्या इंदूरच्या घरी आत्या हलवा करायला बसत असे. मंद शेगडीवर परात, परातीत निवडलेले तीळ आणि शेजारी पाकाचे पातेले. चमचाभर पाक सोडायचा, तो सुकेपर्यंत बोटांनी तीळ फिरवत राहायचे, मग पुन्हा चमचाभर. घाई केली, पाक जरा जास्त पडला, की दाणा गुळगुळीत राही. काटा येत नसे. आत्या म्हणे, “काटा काढता येत नाही रे, तो यावा लागतो. आधीचं पुट नीट बसलं तरच पुढचं त्यावर उभं राहतं.”

हे काम खरे तर आईचे. पण १९६४ साली, मी आठ वर्षांचा आणि ताई अकरा वर्षांची असताना, आई तिसऱ्या बाळंतपणात गेली. मूलही वाचले नाही. तेव्हापासून परात आत्याकडे आली आणि आम्हीही आत्याकडे आलो.

आईविषयी घरात फारसे बोलले जात नसे. जे कळले ते तुकड्यातुकड्यांनी कळले. रक्तस्राव थांबेना, रात्रीची वेळ होती. रक्त द्यावे लागेल असे ठरले, तेव्हा बाबा पुढे झाले. दोघांचा गट ‘ओ’ निघाला. “गट एकच आहे, आता वेळ घालवू नका,” असे कोणीतरी म्हणाले आणि बाबांचे रक्त आईला चढवले गेले. थोड्याच वेळात तिला हुडहुडी भरली, कंबर असह्य दुखू लागली, लघवी काळसर लाल होऊ लागली. तिसऱ्या दिवशी ती गेली. आत्या एवढेच सांगे की रक्त मानवले नाही. बाबा तेवढेही सांगत नसत. १९७१ च्या युद्धात त्यांच्या कचेरीतले सगळे रक्तदानाला गेले. बाबा त्या दिवशी रजा टाकून घरी बसले होते. मला त्यांची लाज वाटली होती, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

बाबांच्या पत्र्याच्या पेटीत होळकरशाहीतल्या आमच्या पूर्वजांचे मोडी कागद होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असे कागद असतील. वाचता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्या कागदांतच मला ती चतकोर चिठ्ठी सापडली. रोगी : ओ. दाता : ओ. तारीख आणि एक सही. मी ती वाचली आणि होती तशी ठेवून दिली. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, १९७६ साली, महाविद्यालयातल्या रक्तदान शिबिरात माझे कार्ड हातात आले. त्यावर ‘बी’ लिहिले होते.

मी रसायनशास्त्राचा विद्यार्थी होतो, पण आनुवंशिकतेचा एवढा धडा तेव्हा कोणालाही पाठ असे. आईवडील दोघेही ‘ओ’ असतील तर मूल ‘ओ’च होते. ‘बी’ होऊ शकत नाही.

वाचकांना पुढचे सांगायला नको. मी कोणाला विचारले नाही. विचारणार कोणाला? जी उत्तर देऊ शकली असती ती बारा वर्षांपूर्वी गेली होती, आणि बाबांना विचारणे म्हणजे एका जखमेवर दुसरी करणे. आरशात मी बाबांचे नाक शोधू लागलो. संक्रांतीला आईच्या तसबिरीला हलव्याचा हार घालण्याचे काम माझ्याकडे होते, ते मी काही ना काही निमित्त काढून ताईकडे ढकलू लागलो. बाबा १९९८ साली गेले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी, आपण हे करतो आहोत ते नेमके कोणाचे, असा विचार मनात येऊन गेला. तो विचार कोणालाही न सांगता मी अकरा वर्षे आणखी जगलो.

नोकरीभर मी कर्बोदकांचे रसायन शिकवले. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, पिष्ट, सेल्युलोज. आमच्या अभ्यासक्रमात साखर म्हणजे इंधन किंवा फार तर बांधकामाचे लाकूड. लुई लेलॉइर यांचे नाव मी दरवर्षी घेत असे. अर्जेंटिनातील या संशोधकाची मोडक्या खुर्चीवर बसलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. खुर्चीचे पाय दोरीने बांधलेले. त्यांनी दाखवून दिले की पेशी साखरेला साखर जोडते तेव्हा सुटी साखर उचलून चिकटवत नाही. ती आधी साखरेला न्यूक्लिओटाइडची मूठ बसवते. मग विकर, म्हणजे एन्झाइम, ती मूठ धरते, साखर जागेवर ठेवते आणि मूठ सोडून देते. १९७० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना याचसाठी मिळाले. हे सर्व मी फळ्यावर रंगीत खडूंनी काढीत असे, आणि माझ्या खिशातल्या कार्डावरचे ‘बी’ हे अक्षरही याच कारागिरीचे नाव आहे, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते दोन कप्पे मी एकत्र उघडत नव्हतो.

ते उघडले २००९ साली. ताई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेसाठी रक्ताच्या दोन पिशव्या लागणार होत्या. ताईचा गट ‘ओ’, तेव्हा चिंता नव्हती. पण जुळणीच्या चाचणीत पहिली पिशवी जुळेना, दुसरी जुळेना. रक्तपेढीत होत्या तेवढ्या सगळ्या ‘ओ’ पिशव्यांचे थेंब ताईच्या रक्तद्रवात टाकले आणि सगळ्यांच्या गुठळ्या झाल्या. तिथल्या तरुण तंत्रज्ञाने आणखी एक चाचणी केली. गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क ‘ओ’ पेशींना एकत्र बांधतो. ताईच्या पेशी त्यात सुट्याच राहिल्या. तो बाहेर येऊन म्हणाला, “अंकल, ये ओ नहीं है. बॉम्बे ग्रुप है.”

ताईला हे सांगितले तेव्हा एवढ्या वेदनेतही ती म्हणाली, “सहा पिढ्या इंदुरात काढल्या, मुंबईला मेलं एक घर नाही कोणाचं, आणि रक्त मुंबईचं?”

नाव मुंबईचे, कारण हा गट प्रथम तिथे ओळखला गेला. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद केली. त्या नोंदीवर लंडनचे वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांचीही नावे आहेत. रक्तगट म्हणजे मुळात शर्करा आहेत, हे ज्यांनी साखळीच्या टोकाची एकेक साखर विकरांनीच कातरून सिद्ध केले, ते हे दोघे.

तांबडी रक्तपेशी मला तेव्हापासून हलव्याच्या दाण्यासारखी दिसते. तिच्या पृष्ठभागावर साखरेचे काटे असतात, आणि रक्तगटाची खूण असलेली टोके एका पेशीवर लाखांनी असतात. प्रत्येक काटा विकरांनी एकेक साखर बसवून वाढवलेला असतो. पेशी अस्थिमज्जेत घडत असतानाच हे काम चालते. काट्याच्या टोकाशी गॅलॅक्टोज आले की एक विकर तिच्यावर फ्यूकोज नावाची साखर बसवते. एवढ्यावर काम थांबले तर गट ‘ओ’. त्यापुढे आणखी एक कारागीर असेल तर तो फ्यूकोज पाहून शेजारी आपली साखर ठेवतो. ‘ए’ गटाचा कारागीर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामिन ठेवतो, ‘बी’ गटाचा साधी गॅलॅक्टोज. दोघेही ३५४ अमिनो आम्लांची प्रथिने, आणि दोघांत फरक अवघ्या चार आम्लांचा. ‘ओ’ गटाच्या बहुतेक माणसांत याच कारागिराच्या जनुकातले एक अक्षर गळलेले असते. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने तोडायचे असतात. जनुकही तसेच सलग, तीन-तीन अक्षरांनी वाचायचे. एक अक्षर गळले की पुढचे सगळे भलत्याच ठिकाणी तुटते आणि विकर तयारच होत नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. प्रथिनाचा आराखडा जनुकात अक्षरशः लिहिलेला असतो, पण साखरेच्या साखळीचा आराखडा कुठेही लिहिलेला नसतो. जनुकात लिहिलेले असतात ते फक्त कारागीर. प्रत्येकाला एवढेच ठाऊक की अमुक टोक समोर आले तर त्यावर तमुक साखर बसवायची. आधीच्याने आपले काम केले नसेल, तर पुढचा कितीही कुशल असो, हातात साखर घेऊन बसून राहतो. आधीचे पुट बसले तरच पुढचे उभे राहते; आत्याने हे रसायनाचे एकही पुस्तक न उघडता सांगितले होते.

बॉम्बे गटाच्या माणसांत फ्यूकोज बसवणारा कारागीरच निकामी असतो. त्याचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर. भारतीयांत बहुतेकदा त्याच्या प्रथिनातले २४२ वे अमिनो आम्ल बदललेले आढळते. ‘ए’ आणि ‘बी’चे जनुक मात्र वेगळ्या, नवव्या गुणसूत्रावर. म्हणजे एखाद्याच्या शरीरात ‘बी’चा कारागीर पूर्ण धडधाकट असू शकतो, पण त्याला ओळखीचे टोकच मिळत नाही. चाचणीत ‘बी’ दिसत नाही. नेहमीची चाचणी त्या रक्ताला ‘ओ’ म्हणते. आणि तो धडधाकट जनुक मुलाकडे जातो, तिथे त्याला वडिलांकडून आलेला फ्यूकोजचा कारागीर भेटतो, आणि मूल ‘बी’ होते.

हे मी रक्तपेढीच्या बाकावर बसून, तंत्रज्ञाकडून मागून घेतलेल्या कागदाच्या पाठीवर मांडले. बाबा ‘ओ’, फ्यूकोजच्या जनुकाची एक प्रत चांगली, एक निकामी. आई : दोन्ही निकामी, आणि आत लपलेला ‘बी’. ताईला दोघांकडून निकामी प्रत आली. मला बाबांकडून चांगली प्रत आली आणि आईकडून ‘बी’. चारही खुणा जागच्या जागी बसल्या. माझ्या रक्तातला ‘बी’ आईचा होता, आणि तो तिथे उघड झाला होता तो बाबांच्या कारागिरामुळे.

त्याच कागदावर उरलेली गोष्टही होती. बॉम्बे गटाच्या माणसाला फ्यूकोजचे ते टोक परके असते. तशाच शर्करा अंगावर असलेले जंतू आतड्यात वावरत असल्याने त्याविरुद्धची प्रतिपिंडे शरीरात लहानपणीच तयार होतात. अशा माणसाला ‘ओ’ रक्त दिले की ती प्रतिपिंडे दात्याच्या पेशी फोडतात. आणि ‘ओ’ पेशींवर तर ते टोक सगळ्यात जास्त, उघडे असते. हुडहुडी, कंबरदुखी, काळसर लघवी. नोंद १९५२ सालची होती. आई गेली १९६४ साली. एका काचपट्टीवर दोघांचे दोन थेंब एकत्र केले असते तर दिसले असते. मी त्या रात्रीच्या माणसांना दोष देऊ पाहत नाही, पण दिसले असते हे खरे.

आपल्यासारख्या घरांत हे का सापडावे, याचेही उत्तर दूर नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक असे या गटाचे प्रमाण सांगतात, पण नात्यात लग्ने होतात तिथे ते वाढते. परमुलखात येऊन वसलेली मोजकी घराणी. मुली द्यायच्या-घ्यायच्या त्याच पाच-सहा वाड्यांत. माझ्या आईच्या वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केली होती, आणि बाबाही त्याच गोतावळ्यातले. भाषा राहिली, सणवार राहिले, हलव्याची परात राहिली, तसा हा निकामी कारागीरही घरातल्या घरात फिरत राहिला. त्याने एरवी काही बिघडत नाही. ताईला साठीच्या उंबऱ्यापर्यंत त्याचा पत्ताही नव्हता. प्रश्न येतो तो रक्त घेण्याच्या वेळी.

रक्त मुंबईहून आले. ज्यांची नावे मला शेवटपर्यंत कळली नाहीत अशा दोन दात्यांचे. विमानतळावरून पेटी आणायला मी स्वतः गेलो. ताईची शस्त्रक्रिया नीट पार पडली आणि तीन महिन्यांत ती काठी टेकत अंगणात आली.

तेव्हा एका दुपारी मी तिला सगळे सांगितले. कार्ड, चिठ्ठी, आणि माझ्या डोक्यात तेहतीस वर्षे बसलेले ते घाणेरडे गणितही. ताई माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले रागावेल. ती म्हणाली, “म्हणून तू हार घालायला येत नव्हतास.”

मग थोड्या वेळाने, “बाबांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं की त्यांनीच मारलं.” यावर मला बोलता आले नाही. रक्त त्यांचेच होते. त्या बाबतीत माझ्या रसायनशास्त्राला त्यांना सोडवता येत नाही. त्यांचा दोष नव्हता, हे सांगायला मी अकरा वर्षे उशिरा पोहोचलो होतो. आणि ते जिवंत असताना मी जे तोंड मिटून बसलो होतो, ते त्यांच्यासाठी नव्हे तर माझ्यासाठी.

ताईच्या मुलांच्या, नातवंडांच्या आणि गोतावळ्यातल्या जे जे तयार झाले त्यांच्या चाचण्या आम्ही करून घेतल्या. एक चुलत भाची बॉम्बे गटाची निघाली; तिचे पुढे लग्न झाले, आणि बाळंतपणाच्या आधीच डॉक्टरांना कल्पना देऊन तिचे स्वतःचेच रक्त काढून ठेवले होते. ते लागले नाही.

चिठ्ठी पेटीतच आहे, मोडी कागदांमध्ये. तिच्याशेजारी ताईचे नवे कार्ड ठेवले आहे आणि दोन्ही एका दोऱ्याने बांधली आहेत. संक्रांतीला हलवा आता विकतच आणतो. त्याला काटा बरा असतो. हार ओवायला ताई बसते, घालतो मी.