चौकातला रणगाडा आणि माझ्या टेबलावरचा

मंडळी, आपल्या भागातल्या एका चौकात रणगाडा बसवलाय. गावाचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. चकचकीत हिरवा ऑइलपेंट, नळीच्या तोंडाला सोनेरी पट्टा, खाली रंगीत दिवे. शेजारी ग्रॅनाइटचा फलक आहे. त्यावर उद्घाटक, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक सगळ्यांची नावं आहेत. नाही ते फक्त रणगाड्याचं. कुठला रणगाडा, कुठल्या साली बनला, कुठल्या रेजिमेंटने वापरला, एक ओळ नाही. परवा एका पोराने बापाला विचारलं, हा कुठल्या लढाईतला? बाप म्हणाला, "उभा रहा तिथं, फोटो काढतो."

हा विषय डोक्यात बसायला कारण आहे. गेले सात महिने रात्री बातम्या पाठवून झाल्या की मी एक रणगाडा बनवतोय. प्लास्टिकचा, 1:35 मापाचा. म्हणजे खऱ्यातले 35 सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर. हे विचित्र माप कुठून आलं? जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, त्या बसवून जो आकार झाला तो झाला. पुढे सगळ्या जगाने तेच धरलं. बायको म्हणते, या वयात खेळणी. म्हणू दे. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, त्यात बुरुजापेक्षा मावळा मोठा असतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. तिथे ते शोभतंच. मला मात्र एकच रणगाडा करायचा होता आणि तो तसाच्या तसा करायचा होता.

तो रणगाडा म्हणजे 'फामागुस्ता'. पूना हॉर्स रेजिमेंटचा सेंच्युरियन, नंबर जेएक्स 202. नाव सायप्रसमधल्या एका बंदराचं. 16 डिसेंबर 1971 ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यात होते. जन्म पुण्याचा, शिक्षण खडकवासल्याच्या एनडीएत, कमिशन मिळून सहा महिने झालेले, वय 21.

कराडला 1998 पासून विजय दिवस साजरा होतो. बरेचजण गेला असाल. 16 डिसेंबर म्हटलं की आपल्याला ढाका आठवतं, नियाझींची सही आठवते. ती सही दुपारी झाली. त्याच दिवशी सकाळी पश्चिमेला, शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडे, पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांशी आपल्या सेंच्युरियनची समोरासमोर लढाई चालू होती. खेत्रपालांचा रणगाडा पेटला. सोडून बाहेर या असा वायरलेसवर हुकूम आला. तोफ अजून चालतेय म्हणून ते थांबले. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्याच रेजिमेंटचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल तारापोर यांना 1965 ला मिळालं होतं, तेही सेंच्युरियनवरच. एक रेजिमेंट, एकाच जातीचा रणगाडा, दोन परमवीर चक्रं. आणि नावात पुणं.

फामागुस्ता पुढे परत आला, दुरुस्त झाला. तो आता अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 चं. मी फलटण, बारामती, दौंड करत एसटीने गेलो आणि संग्रहालयातल्या सेंच्युरियनभोवती दीड तास वही घेऊन फिरलो. एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या जोडीने. वरून लोखंडी पत्र्याचं पांघरूण. 50 टनांच्या आसपास वजन. तिथे जरूर जा. पोरांना घेऊन जा. प्रत्येक रणगाड्यापुढे त्याचं नाव आहे, एवढ्यासाठी तरी जा.

किट परदेशी, मुंबईहून मागवलं. भाग फ्रेममधून कापायचे, पॉलिश पेपरने घासायचे, चिकटवायचे. त्यात सांगण्यासारखं फार नाही, डोळे आणि मान दुखतात एवढंच. खरा कस रंगाला लागतो. खऱ्या रणगाड्याचा हिरवा जसाच्या तसा वीतभर मॉडेलला मारला तर तो काळपट दिसतो. लांबून बघताना मध्ये हवा असते, रंग फिका होतो. म्हणून पांढरा मिसळून तो उतरवायचा. चमक तर अजिबात नको. चमकणारा रणगाडा शत्रूला कोसभरावरून दिसेल, हे सैन्याला कळतं, चौक सुशोभित करणाऱ्यांना कळत नाही.

मग चिखल. माझ्याकडे वाईची लाल माती होती, कृष्णाकाठची काळी होती. दोन्ही फुकट. पण बसंतरचं खोरं पंजाबच्या गाळाचं आहे, माती फिकट, पिवळट-राखाडी, डिसेंबरात वरून धूळ आणि नदीपाशी ओल. आपली काळी माती लावली असती तर तो रणगाडा सांगलीच्या उसात लढलेला वाटला असता. शेवटी खडूची पूड आणि रंग मिसळून माती तयार केली.

नाव लिहायला सांगलीला गेलो, माझ्या पेंटर दोस्ताकडे. एकेकाळी निम्म्या गावाच्या पाट्या याच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आला आणि धंदा बसला. आता तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं टाकतो. खऱ्यावरचं दहा सेंटिमीटरचं अक्षर इथे तीन मिलिमीटरही भरत नाही. त्याने ब्रशचे चार केस ठेवून बाकीचे कापले, श्वास धरला आणि नऊ इंग्रजी अक्षरं लिहिली. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "लय दिवसांनी कुणीतरी नीट लिहायला सांगितलं."

त्याच्याच ओळखीने तासगावकडचे एक नाना भेटले. रणगाडा रेजिमेंटमधून दफादार म्हणून निवृत्त. आपल्याकडे पायदळाची परंपरा. साताऱ्याच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात 46 जवान कामी आले. त्यामुळे गावात कुणीही फौजी असला की 'हवालदार'च. रणगाडावाल्यांत हवालदाराला दफादार म्हणतात आणि साध्या जवानाला सवार, हे नानांना निवृत्तीनंतर किती वेळा सांगावं लागलं असेल देव जाणे. ते विजयंतावर गनर होते. मी मॉडेल पुढे ठेवलं. वरचा बुरूज अजून चिकटवला नव्हता. त्यांनी तो उचलला, उलटा केला आणि आत बोट घातलं.

"हितं मी. फुडं तोफेचं दुरबीण, मागं साहेबाचं गुडघं पाठीला. लोडरला झाकाण हाय, डायवरला झाकाण हाय. गनरला न्हाय. साहेब भायेर पडला की मग आमी."

सेंच्युरियनचंही तसंच आहे. फामागुस्तात गनर होता सवार नथू सिंग, चालक सवार प्रयाग सिंग, वायरलेस आणि गोळे भरायला सवार नंद सिंग. नंद सिंग त्या लढाईत गेला. बाकीचे दोघे वाचले. खेत्रपालांचं नाव शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, असायलाच हवं. या तिघांची नावं तुमच्यातल्या किती जणांनी आज पहिल्यांदा वाचली?

मॉडेल करणारे बरेचजण जळालेला, फुटलेला रणगाडा करतात. काजळी, गंज, भोकं, कौशल्य दाखवायला वाव असतो. मला कुणीतरी तसा करायचा आग्रह केला. मी नाही केला. माझा फामागुस्ता 16 तारखेच्या सकाळचा आहे, गोळा लागण्याआधीचा. चौघंही आत आहेत.

आता चौकातल्या रणगाड्याबद्दल. माझी मागणी फार नाही. सोनेरी पट्टा काढा. चमकीच्या जागी मॅट रंग द्या. आणि पाच ओळींचा फलक लावा: प्रकार, कुठे बनला, किती माणसं बसत, कुठल्या रेजिमेंटकडे होता, कधी निवृत्त झाला. रणगाडा सैन्याकडून येतो तेव्हा कागदपत्रं येतातच, कुणाच्या तरी कपाटात असतील. वाढदिवसाच्या एका फ्लेक्सच्या खर्चात हे होईल. लेखी अर्ज मी दिलाय, पोचपावती आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.

आणि सातारा-सांगलीत कुणाच्या घरी रणगाडा पलटणीतला माणूस असेल, दफादार, सवार, कुणीही, तर कमेंटमध्ये कळवा. जुना फोटो असेल तर त्याच्या मागे काय लिहिलंय तेही बघा. नानांना त्यांच्या रेजिमेंटमधलं इकडचं कुणी हयात आहे का, हे विचारायचंय.