बिऱ्हाड पाठीवर, शेगडी पोटात

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आपली. पण ती खरोखर जगणारी माणसं पाहायची असतील, तर अमेरिकेच्या रस्त्यांवर जावं. मोटारीमागं चाकांवरची अख्खी खोली जोडायची आणि निघायचं! त्या खोलीत पलंग, मोरी, गॅसची चूल, सारं काही असतं. थंडीसाठी जमिनीलगत एका कोपऱ्यात दडवलेली भट्टीही असते. या खोलीला तिथं ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात आणि भट्टीला फर्नेस.

असा ट्रेलर घेऊन माझा भाचा, त्याची बायको, त्यांचं दहा महिन्यांचं बाळ आणि मी, असे आम्ही २०२३ च्या सप्टेंबरात यलोस्टोनला गेलो. १८७२ साली स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. आमचा मुक्काम होता यलोस्टोन सरोवराजवळच्या ‘फिशिंग ब्रिज’ या ठिकाणी. नाव मासेमारीच्या पुलाचं. पण १९३७ साली बांधलेल्या या पुलावरून गळ टाकायला १९७३ पासून बंदी आहे. लोक कठड्याला टेकून ट्राउट मासे नुसते पाहतात आणि समाधान मानतात.

इथल्या ट्रेलरतळावर तंबू ठोकता येत नाही. भोवती ग्रिझली अस्वलांचा वावर, तेव्हा भक्कम भिंतींच्या गाड्यांनाच मुक्कामाची परवानगी. सरोवर ७,७०० फुटांहून उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या जवळजवळ पावणेदोन पट! दिवसा कोवळं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं. सूर्य मावळला की मात्र थंडी दारंखिडक्या चाचपू लागते.

त्या संध्याकाळी फर्नेसनं असहकार पुकारला. पंखा घरघरायचा, उबदार झोत यायचा. दोन-तीन मिनिटांत आतला जाळ विझायचा आणि झोत गार व्हायचा. थोड्या वेळानं पुन्हा जाळ, पुन्हा विझणं. खोली काही तापेना.

“मामा, बाळाचे हात बघा हो, किती गार पडलेत!” सूनबाई म्हणाली. भाचा टॉर्च आणि पकड घेऊन गुडघ्यांवर बसला. “यातला एक स्विच सारखा तुटतोय. त्याच्या दोन तारा एकत्र जोडून टाकतो, म्हणजे कटकट मिटेल.”

शेजारच्या ट्रेलरमधले एक वृद्ध गृहस्थ हे ऐकून दारात आले. जन्मभर गाड्या दुरुस्त केलेला माणूस. ते म्हणाले, “पोरा, पकड खाली ठेव. यंत्र बिघडलं की आधी त्याचं ऐकावं, मग हात लावावा.”

मग त्यांनी आम्हाला फर्नेस ऐकायला शिकवलं. भिंतीवरचा थर्मोस्टॅट उष्णता मागतो. आधी पंखा सुरू होतो. त्याच्या वाऱ्यानं शिडासारखी एक छोटी पट्टी हलते आणि स्विच दाबला जातो. वारा वाहतोय याची ही खूण पटल्यावरच गॅसची झडप उघडते. ठिणग्यांची टिकटिक होते, भप्पकन जाळ धरतो. जाळ खरोखर पेटला की नाही हे यंत्र तपासतं. नसेल तर गॅस तत्काळ बंद. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी असे, पण दोघांची गाठ कधी पडत नसे. इथंही तसंच. जाळ बंद पेटीत, त्याचा धूर थेट बाहेर. खोलीतली हवा पेटीला बाहेरून चाटून तापते.

“आता ऐका,” ते म्हणाले. आम्ही कान दिला. जाळ विझत होता, पण पंखा थांबत नव्हता. “म्हणजे थर्मोस्टॅट अजून उष्णता मागतोच आहे. गॅसही येतोय, नाहीतर जाळ पुन्हा धरलाच नसता. पेटी फाजील तापली की जाळ तोडणारा एक पहारेकरी आत असतो, लिमिट स्विच. तो आपलं काम चोख करतोय. पेटी का तापते, ते शोधा.”

शोधायला फार वेळ लागला नाही. डेन्व्हरहून निघताना सामान भरलं, त्यात बाळाच्या लंगोटांची खोकी कोचाखालच्या जाळीला टेकली होती. फर्नेस हवा आत घेतो तो त्याच जाळीतून. शेजारच्या कप्प्यात एका जड बॅगेखाली गरम हवेची लवचिक नळी चेपून पापडासारखी झाली होती. उष्णतेला बाहेर पडायला वाटच नव्हती! खोकी हलली, नळी मोकळी झाली आणि जाळ एका लयीत जळू लागला. अर्ध्या तासात बाळानं मुठी उघडल्या.

जाता जाता वृद्ध गृहस्थ भाच्याला म्हणाले, “पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबून घर सुरक्षित होत नाही.” खरंच होतं ते. अति तापून पेटीला तडा गेला असता, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत शिरला असता. त्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही; झोपलेल्या माणसाला तो पुन्हा उठू देत नाही.

अशी चालू-बंदची खोड इतर कारणांनीही लागते. पंखाच मंद फिरत असेल आणि जाळ धरतच नसेल, तर बहुधा बारा व्होल्टची बॅटरी उतरलेली असते. टिकटिक होऊनही जाळ टिकत नसेल, तर गॅस किंवा जाळ ओळखणारी कांडी तपासावी. खोली तापण्याआधीच पंख्यासकट सारं थांबत असेल, तर थर्मोस्टॅटवर गरम झोत येतोय का ते पाहावं. बाहेरच्या धुराड्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, तेही पाहावं. ही कारागीर तिकडेही आहे! पेटी उघडायची वेळ आली, तर मात्र जाणकारालाच बोलवावं.

लेकाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या मंडळींना असा ट्रेलरप्रवास घडलाच, तर पहिल्या रात्री अंथरूण घालण्यापूर्वी कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणाऱ्या घंटेचं बटण दाबून ती वाजते का पाहावं. आणि लोणच्याच्या बरण्या कुठंही ठेवाव्यात, पण फर्नेसच्या जाळीपुढं ठेवू नयेत.