टेबलावरचा सर्वो, हवेतला सर्वो

मॉडेल विमान शेतात कोसळलं की पहिला आरोप रेडिओवर होतो. ‘सिग्नल गेला’ एवढं म्हटलं की चौकशी संपते. ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झच्या काळात या म्हणण्यात तथ्य असायचं. मैदानावर दुसऱ्या कुणी त्याच चॅनेलवर ट्रान्समीटर चालू केला की वर असलेलं विमान गेलंच म्हणून समजायचं. २.४ गिगाहर्ट्झचे संच आल्यापासून ती भीती बरीच ओसरली, पण आरोप करायची सवय मात्र गेली नाही. मोडक्या फोममधून सर्वो, म्हणजे पंख-शेपटीचे हलते पृष्ठभाग फिरवणारी डबी, उचकटून काढला, घरी रिसीव्हरला जोडला, तर तो डावीकडे-उजवीकडे छान फिरतो. मग संशय पुन्हा रेडिओवरच जातो. विसरलं जातं ते इतकंच, की टेबलावर त्या सर्वोला ओढायला काहीही नसतं.

हुबळी-धारवाडमध्ये ही अडचण जरा जास्तच जाणवते. हुबळीचा विमानतळ गोकुळ रोडला, वस्तीला लागूनच आहे. ‘ड्रोन नियम २०२१’प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवता येत नाही आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जाता येत नाही. म्हणजे हुबळीच्या माणसाला विमान गाडीत घालून लांबचं रान गाठावं लागतं. पावसाळा जवळ आला की या पठारावर पश्चिमेचा वारा सुटतो आणि सकाळचा शांत तास-दीड तास तेवढा हाती राहतो. इतक्या लांब जाऊन एलिव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा शेपटीचा पृष्ठभाग, थरथरताना दिसला, तर परत फिरण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून तपासणी घरीच, आणि कसून, व्हायला हवी.

सर्वोच्या पोटात चार गोष्टी असतात: छोटी मोटर, गिअरची साखळी, पोटेन्शिओमीटर आणि त्यांना बांधून ठेवणारा सर्किट बोर्ड. रिसीव्हर साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स पाठवतो. ती दीड मिलिसेकंदाची असली तर हॉर्न, म्हणजे सर्वोचा बाहेरचा हात, मधोमध, एक किंवा दोन मिलिसेकंदांची असली तर एका किंवा दुसऱ्या टोकाला. हॉर्न आत्ता कुठे आहे हे पोटेन्शिओमीटर सांगतो आणि मागितलेली आणि खरी जागा यांतला फरक मिटेपर्यंत मोटर फिरत राहते. सगळा कारभार या सांगण्यावर चालतो. पोटेन्शिओमीटरने चुकीचं सांगितलं तर बाकीचे तिघे अगदी इमानदारीने चुकीचंच काम करतात.

आणि तो बिघडतो नेमका मधोमध. विमान बहुतेक वेळ सरळ उडतं, त्यामुळे आतला स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर त्याच एवढ्याशा जागेत घासत राहतो. त्यात इंजिनची किंवा असंतुलित पंख्याची थरथर भर घालते. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब ठरावीक जागी खरखरतो, तोच हा रोग. टेबलावर तपासताना मात्र माणूस स्टिक या टोकापासून त्या टोकापर्यंत जोरात फिरवतो, म्हणजे झिजलेल्या जागेवरून सर्वो क्षणार्धात पार होतो. तो दोष पकडायचा तर स्टिक मध्याच्या आसपास अगदी किंचित, सावकाश हलवावी आणि कान सर्वोजवळ न्यावा. हॉर्नने मध्येच टुणकन उडी मारली किंवा स्टिक स्थिर असताना आतून बारीक गुरगुर ऐकू आली, की तो सर्वो एलिव्हेटरवर ठेवू नये. गुरगुर पुशरॉड, म्हणजे हॉर्नला पृष्ठभागाशी जोडणारी काडी, अडकल्यामुळेही येते, म्हणून आधी पुशरॉड सोडून ऐकावं. आवाज थांबला तर सर्वो निर्दोष, बिजागरी किंवा जोडणी अडते आहे.

टेबलावरचा निर्दोषपणा किती फसवा असतो, हे खऱ्या विमानांच्या इतिहासाने फार मोठी किंमत मोजून दाखवलं आहे. ३ मार्च १९९१ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं ५८५ क्रमांकाचं बोइंग ७३७ कोलोराडो स्प्रिंग्जला उतरता उतरता उलटलं आणि २५ माणसं गेली. ८ सप्टेंबर १९९४ रोजी यूएसएअरचं ४२७ पिट्सबर्गजवळ तसंच कोसळलं, त्यात १३२ जण गेले. संशय रडर फिरवणाऱ्या यंत्रणेतल्या सर्वो व्हॉल्व्हवर होता. हा हायड्रॉलिक तेलावर चालणारा, म्हणजे मॉडेलच्या सर्वोपेक्षा वेगळाच प्राणी, पण काम तेच. अवशेषांतून काढलेल्या व्हॉल्व्हवर अडकल्याची खूण नव्हती आणि चाचण्यांत तो नीट चालत होता. जून १९९६ मध्ये ईस्टविंड या विमानकंपनीच्या एका ७३७ ला रिचमंडजवळ असाच हिसका बसला. ते विमान सुखरूप उतरलं, त्यामुळे वैमानिकाचं म्हणणं ऐकायला मिळालं. त्यानंतर तपास करणाऱ्यांनी यंत्रणा आधी गोठवली आणि मग तिच्यात एकदम गरम तेल सोडलं. व्हॉल्व्ह अडकला. पुढच्या विश्लेषणात दिसलं की अशा अवस्थेत रडर वैमानिकाच्या पायाच्या विरुद्ध दिशेलाही जाऊ शकतो. १९९९ च्या अहवालात हेच सर्वांत संभाव्य कारण ठरलं आणि पुढे त्या यंत्रणेची रचना बदलली गेली.

नऊ ग्रॅमच्या प्लॅस्टिकच्या सर्वोसाठीही हाच मार्ग आहे: हवेत त्याच्यावर जे गुदरतं ते घरात त्याच्यावर गुदरवायचं. एसजी९० सारखा सर्वो ४.८ व्होल्टवर १ सेंटिमीटर अंतरावर साधारण १.८ किलो पेलतो, असं त्याच्या माहितीपत्रकात असतं. त्याच्या निम्म्याहून अधिक ओझं हॉर्नला टांगून तो वर-खाली करून पाहिला की नायलॉन गिअरचा कुरतडलेला दात लगेच कळतो. रिकामा फिरताना तो दात नुसता सटकून जातो, ओझ्याखाली ‘कट्ट’ असा आवाज करून हॉर्न घसरतो. असे दात उड्डाणापेक्षा गाडीच्या डिकीत जास्त तुटतात. पंखावर पिशवी टेकली, एलेरॉन दाबला गेला, एवढं पुरतं.

विजेचा बिघाड याहून लपलेला असतो. तीन सेलची लिपो बॅटरी पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट देते, सर्वोला हवेत ५. उरलेले ७.६ व्होल्ट लिनिअर बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज सर्वोंसाठी उतरवणारं सर्किट, उष्णतेत घालवतो. सर्वोंनी मिळून १ अँपिअर ओढला तर एका बारक्या चिपमध्ये ७.६ वॅट उष्णता तयार होते. चार सर्वो वाऱ्याशी झुंजत असतील, एप्रिलची दुपार असेल आणि तो बीईसी ज्यात बसवलेला असतो तो ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा भाग, फोमच्या बंद पोटात कोंबलेला असेल, तर चिप तापून स्वतःला बंद करते. त्या क्षणी सगळे कंट्रोल एकदम मरतात. विमान पडतं, चिप थंड होते आणि मालक धावत पोचेपर्यंत सगळे सर्वो पुन्हा नाचत असतात. इथे मल्टिमीटरही कामाचा नाही, कारण क्षणभराची घसरण त्याला दिसतच नाही. टेलिमेट्रीत सर्वांत कमी व्होल्टेजची नोंद राहत असेल तर ती बघावी. एक पृष्ठभाग अडकला तर सर्वो, गिअर किंवा वायर तपासावी. सगळे एकदम गेले तर आधी वीज तपासावी. स्विचिंग बीईसी इतका तापत नाही, पण त्याला थोडे पैसे जास्त पडतात. ते वाचवू नयेत.

वायरचं दुखणं बोटांनीच कळतं. सर्वो चालू ठेवून कनेक्टरपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतची वायर हळू वाकवत जावं, आतली तुटलेली तार तिथेच भेटते. मग संशयित सर्वो दुसऱ्या चॅनेलवर लावावा. दोष त्याच्याबरोबर गेला तर तो त्याचा, जागेवर राहिला तर रिसीव्हरचा. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम घाईत सर्वांत आधी मोडतो.

हे सगळं जमून आलं की सर्वो किती टिकतात याचं उत्तर मॉडेल विमानं बनवणारे मेनार्ड हिल यांच्या विमानाने दिलं आहे. ऑगस्ट २००३ मध्ये न्यूफाउंडलंडहून निघालेलं, इंधनासह ५ किलोंच्या आतलं त्यांचं मॉडेल ३८ तास ५२ मिनिटं उडून आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. तेव्हा हिल ७७ वर्षांचे होते, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्यांची आधीची विमानं अटलांटिक ओलांडू शकली नव्हती. एवढा वेळ ऑटोपायलट मध्याच्या आसपास त्या सर्वोंना क्षणाक्षणाला हलवत होता, म्हणजे झीज नेमकी तिथेच होत होती.

हुबळी-धारवाडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना दर वेळी नवे सर्वो घेणं परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. पडलेल्या विमानातला सर्वो ओझ्याच्या, कानाच्या आणि वायरीच्या परीक्षेत पास झाला तरी त्याला एलिव्हेटरवर परत बसवू नये. मार्करने त्यावर पडल्याची तारीख लिहावी आणि रडरवर किंवा जमिनीवरच्या चाकावर लावावा. तिथे तो बिघडला तर विमान बहुधा घरी येतं. दुसऱ्यांदा पडला की गिअर काढून सुटे भाग म्हणून डबीत ठेवावेत, मोटर आणि बोर्ड सोल्डरिंगच्या सरावाला घ्यावेत.