कोरगावची वाट

ज्या गावी आपला जन्म झाला नाही, जेथे आपल्या नावाची चूलही पेटत नाही, त्यालाही 'आमचा गाव' म्हणावयाचे, ही कोकणपट्टीतील माणसाची जुनी रीत आहे. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांत ती आढळते. कुणाचे आजोबा बारदेशातून आलेले, कुणाचे पणजोबा वेंगुर्ल्याकडून, कुणाची आजी कारवारची. मुलांना विचारावे तर ती गावाचे नाव चटकन सांगतात. पण तो गाव कुणी पाहिला आहे काय, असे विचारले की गप्प होतात. आमच्या आजोबांचा कोरगाव आम्हीही अनेक वर्षे केवळ ऐकूनच जाणत होतो. गेल्या नोव्हेंबरात, वयाची पंचेचाळीस वर्षे उलटल्यावर, तेथे जाण्याचा योग आला.

सावंतवाडीहून बांदा आणि बांद्याहून पत्रादेवी असा आमचा मार्ग होता. पत्रादेवी म्हणजे गोव्याचा उंबरठा. १५ ऑगस्ट १९५५ रोजी येथेच निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यांच्या स्मारकापाशी आम्ही थोडा वेळ थांबलो. पुढे पेडणे तालुका लागतो. उत्तरेस तेरेखोल नदी, दक्षिणेस शापोरा नदी, मध्ये जांभ्याच्या टेकड्या, उतारावर काजू आणि खाली भाताची खाचरे. कोरगाव याच टेकड्यांच्या कुशीत आहे. गावचे ग्रामदैवत श्रीकमळेश्वर; त्याचे देऊळ कुठे, हे वाटेवरच्या कोणत्याही पोराने सांगावे. बोली ऐकावी तर धड कोकणी नव्हे, धड मालवणी नव्हे. आमच्या आजोबांच्या तोंडची ती भाषा अनोळखी माणसांकडून ऐकताना आम्हांला मोठी गंमत वाटली.

'मूळ गाव' या शब्दाचा आपण फार सहज उच्चार करतो. मुळाच्या खाली आणखी मूळ असते, हे पेडण्याइतके स्पष्ट क्वचितच दिसेल. १५४३ साली बारदेश आणि सासष्टी हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले. त्यानंतर तेथील कित्येक कुटुंबे आपली दैवते घेऊन नद्या ओलांडून पलीकडच्या मुलखात आश्रयाला गेली. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोली तालुक्यातील नार्वे येथे नेण्यात आला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे सर्वश्रुत आहे. पेडणे तर १७८८ पर्यंत वाडीकर सावंतांच्या अमलाखाली होते. पुढे बारदेशातील ख्रिस्ती कुटुंबेही शापोरा उतरून इकडे आली. आमच्या घराण्याची परंपरागत हकीकत हीच आहे. म्हणजे ज्या गावाला आम्ही मूळ म्हणतो, तेथेही आमचे पूर्वज एके काळी पाहुणेच होते आणि कुणीतरी त्यांना जागा दिली होती.

आजोबांनी कोरगाव सोडला तो पोटासाठी. त्या काळी गोव्यातील तरुण मुंबईस उतरे, धोबीतलावाकडील आपल्या गावच्या कुडीत पत्र्याची पेटी ठेवी, आणि बोटीवर स्वयंपाक्याची किंवा खलाशाची नोकरी मिळेपर्यंत तेथेच राही. संध्याकाळी पेटीवरची माणसे उठून एकत्र जपमाळ म्हणत. अल्प भाड्यात छप्पर आणि परक्या शहरात आपली माणसे देणाऱ्या या कुडींचे ऋण हा एका निराळ्या लेखाचा विषय आहे.

१९५५ नंतर भारत आणि गोवा यांमधील वाहतूक जवळजवळ बंद पडली. आगगाडी थांबली, परवान्यावाचून सीमा ओलांडता येईना, पैसे पाठविणेही दुरापास्त झाले. स्वातंत्र्याची ती किंमत होती आणि ती देणे भागच होते. परंतु ती कुणी कशी दिली, हे अनेकदा लिहिले जात नाही. १९५७ च्या पावसाळ्यात आमची पणजी कोरगावात वारली. तिचे दोन्ही मुलगे समुद्रावर होते. आजोबांना पत्र मिळाले ते दोन महिन्यांनी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर ते गावी जाऊन आले. पण त्या भेटीविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत. आईला शेवटची माती कुणी दिली, हा प्रश्न आमच्या घरात तसाच पडून राहिला होता.

त्याचे उत्तर शोधणे हेच आमच्या प्रवासाचे खरे कारण. ज्या चर्चच्या कक्षेत त्या काळी आमचे घर येत होते, तेथील धर्मगुरूंनी मृत्यूची जुनी नोंदवही काढून दिली. पोर्तुगीज भाषेतील चार ओळी, वळणदार अक्षर, शाई तपकिरी झालेली. नाव, वय, नवऱ्याचे नाव, दफनाचा दिवस. थडगे मात्र आम्हांला सापडले नाही. गोव्यातील दफनभूमीत काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्यासाठी उघडतात आणि अस्थी एकत्र ठेवतात. नोंदवहीच्या त्या ओळींवर हात ठेवूनच आम्ही प्रार्थना केली.

उरलेली हकीकत आमच्या आजोबांच्या भाटात राहणाऱ्या मुंडकारांच्या घरी कळली. हे कुटुंब हिंदू; तीन पिढ्या त्याच जागी. घरातील काका ऐंशीच्या घरातले. त्या वेळी ते दहा-बारा वर्षांचे होते. "पाऊस धो धो होता, फादर," ते म्हणाले. "घरचे बोटीवर. मग माझ्या बापाने आणि वाड्यावरच्या चौघांनी पेटी खांद्यावर घेतली. मी पुढे कंदील धरून होतो." एवढेच. यात काही विशेष केले, असा सूर त्यांच्या बोलण्यात नव्हता. आम्ही हात जोडले, तेव्हा ते संकोचून सुनेला म्हणाले, "अगो, फादरांक चाय हाड."

अडुसष्ट वर्षे जो प्रश्न आमच्या घरात होता, त्याचे उत्तर एका कंदिलात होते. त्या ओसरीवर आम्हांला जी शांती लाभली, ती पूर्वी एखाद्या मोठ्या तीर्थस्थानीही क्वचितच लाभली असेल.

दुसऱ्या दिवशी काकांच्या मुलाने आम्हांला तेरेखोलच्या खाडीकाठची खाजने दाखविली. खाऱ्या पाण्याला मातीच्या बांधाने अडवून केलेली ही शेते. बांधात 'मानस' नावाचा दरवाजा असतो. ओहोटीस आतल्या पाण्याच्या भाराने तो बाहेर उघडतो आणि भरतीस बाहेरच्या पाण्याने आपोआप मिटतो. येथे खारेपणा सोसणारे कोरगूट जातीचे भात पिकते. (नावाच्या सारखेपणावरून त्याचा कोरगावशी संबंध जोडण्याचा मोह आम्ही आवरतो.) बांधाला एक भोक पडले आणि दोन दिवस कुणी पाहिले नाही, तर शेत मिठाने काही वर्षे नापीक होते. हा बांध कुणीतरी दरवर्षी चिखल आणि दगड घालून राखला, म्हणून 'आमचा गाव' म्हणून दाखवावयास गाव उरला. गेलेल्यांनी पैसे धाडले हे खरे, पण राखणाऱ्यांनी गाव राखला.

बाहेर गेलेल्या कुटुंबांत गावाकडील जमिनीविषयी एक रुसवा आम्ही पुष्कळ वेळा ऐकला आहे. कूळ कायदा १९६४ चा. १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा शेताचा मालक झाला. १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला राहते घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. 'आमचे गेले' असे म्हणणारे तेथे किती दिवस राहिले होते, हे विचारले की बोलणे खुंटते. आता मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली आहेत आणि पेडण्यातील जमिनीची दलालांना भलतीच आवड उत्पन्न झाली आहे. काहीजण जुन्या वह्या चाळतात ते पोर्तुगालच्या पारपत्रासाठी लागणारा आजोबांचा जन्मदाखला मिळविण्याकरिता. उदरनिर्वाहासाठी कुणी तसे करीत असल्यास आम्ही दोष देत नाही. आमचे आजोबाही पोटासाठीच गेले होते. परंतु त्या वहीत ज्यांची नावे नाहीत, त्या शेजाऱ्यांचीही चौकशी करून यावे, एवढी विनंती आहे.

ज्यांना असा शोध घ्यावयाचा आहे, त्यांनी पूर्वजांच्या नावाबरोबर वाड्याचे नाव आणि शक्य तर बाप्तिस्म्याच्या धर्ममातापित्यांची नावे घेऊन जावे. एकाच नावाची माणसे एका गावात पुष्कळ असतात. गोव्यात सरकारी जन्मनोंदणी १९१४ साली सुरू झाली. त्यापूर्वीच्या माणसांसाठी चर्चच्या वह्याच पाहाव्या लागतात.

भाटावर आमच्या आजोबांच्या वंशातील सतरा नावे आहेत. गोव्याच्या वारसा कायद्याप्रमाणे मुलगे आणि मुली यांचा हक्क सारखा असल्याने नावे वाढतच जातात. काकांच्या घराचा अर्ज पेडण्याच्या मामलेदार कचेरीत बरीच वर्षे पडून होता, कारण वारसांपैकी काहींनी हरकत घेतली होती. परत आल्यावर आम्ही त्या सर्वांना कंदिलाची हकीकत लिहून कळविली. नाताळापर्यंत सोळा संमतिपत्रे आली. सतरावे दोहा येथून येण्याचे आहे. तेथील आमच्या चुलतबहिणीने पुढच्या सुटीत स्वतः येऊन सही करण्याचे कळविले आहे, कारण तिला काकांना पाहावयाचे आहे.

मे महिन्यात त्यांच्या परसातील विहीर उपसावयाची आहे. आमच्या पुतण्यांपैकी दोघे जातील.