ऐकणाऱ्यांचे कर्तव्य

व्याख्यानाहून परतताना आपण वक्त्याची वाणी वाखाणतो. विषय मात्र सभागृहातच राहतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकशिक्षणासाठी. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर बोलताना पाश्चात्त्य सिद्धान्तांना त्यांनी आपल्या देशस्थितीची कसोटी लावली.

ती कसोटी दिल्लीच्या द्वारका उपनगरातही लावता येईल. इंद्रप्रस्थ विद्यापीठ तेथेच आहे, आणि टँकरची वाट पाहणे तेथील रहिवाशांना अपरिचित नाही. पाण्यावरील व्याख्यानात विज्ञान सांगेल, की सिमेंटने झाकलेल्या जमिनीत पाऊस मुरत नाही. अर्थशास्त्र सांगेल, की एकाने कूपनलिकेतून उपसलेले स्वस्त पाणी शेजाऱ्याला महाग पडते. रांगेत घागर घेऊन कोण तिष्ठते, हे समाजशास्त्र सांगेल. यांतील एकच बाजू ऐकली, तर उपाय अपुराच राहील.

मात्र तिन्ही बाजू ऐकूनही काम संपत नाही. प्रत्येक श्रोत्याने स्वतःस विचारावे, ‘आमच्या गच्चीवरचे पाणी कोठे जाते?’ या प्रश्नाच्या उत्तरासाठी विद्वत्ता लागत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा गच्चीवर जाऊन पाहावे लागते.