चार दिवसांचे मुसाफिर

माझा जावई इंग्लंडात लेस्टरला असतो. कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी त्याने एक जुनी मोटरहोम विकत घेतली. मोटरहोम म्हणजे टेम्पोएवढ्या गाडीत बसवलेलं घर. त्यात बिछाने, गॅसची शेगडी, लहानसा फ्रीज, भांडी धुवायची जागा, शिवाय संडासही. लेकीने फोनवर ही खबर दिली तेव्हा माझी बायको घाबरली. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! पोरीला घर सोडायची पाळी आली की काय?" असं तिने मला दोनदा विचारलं. ती आता हयात नाही. २०२५च्या मे महिन्यात मी एकटाच तिकडे गेलो आणि त्या गाडीत तीन रात्री राहिलो.

मेमधल्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडात सार्वजनिक सुट्टी असते. शनिवार-रविवार धरून तीन दिवस मिळतात. जावई ज्या क्लबचा सभासद आहे त्या मोटरहोमवाल्यांच्या क्लबचा मेळावा ट्यूक्सबरीजवळ, सेव्हर्न नदीकाठच्या एका कुरणात भरणार होता. शुक्रवारी जुम्याची नमाज पढून आम्ही निघालो.

"अब्बा, तुम्हाला नदी आवडते म्हणून मुद्दाम हा मेळावा निवडला," लेक म्हणाली. नदी आवडते हे खरं. पण चिपळूणकडच्या ज्या माणसाने २००५चा आणि २०२१चा जुलै पाहिला आहे, तो नदीकाठी झोपायचं म्हटलं की आधी पाणी किती आहे ते बघतो. पोचल्याबरोबर मी तेच केलं. त्या वसंतात तिकडे पावसाने दडी मारली होती. पाणी बरंच खाली होतं, संथ, वाशिष्ठीसारखंच मातकट. मागाहून कळलं की २००७च्या जुलैमध्ये ट्यूक्सबरीलाही पुराने वेढलं होतं. मग त्या सुंदर कुरणात कोणी घर का बांधलं नाही याचा उलगडा झाला.

वाटेत मला एका वेगळ्याच प्रश्नाने घेरलं होतं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. सुमारे ऐंशी किलोमीटरच्या पुढचा प्रवास असेल आणि मुक्काम चार दिवसांच्या आतला असेल, तर मुसाफिराला चार रकातींच्या जागी दोन पढायची सवलत आहे. अंतर बसत होतं, दिवसही बसत होते. पण ज्याने घरच बरोबर घेतलं आहे तो मुसाफिर कसला? लेकीला हसू आलं. मला मात्र दर्यावर्दी घरात लहानपणी ऐकलेला मसला आठवत होता. ज्या खलाशाची बायकामुलं गलबतावरच त्याच्याबरोबर राहतात, त्याने काय करावं? इमाम अहमद यांच्या मताप्रमाणे त्याने नमाज पूर्ण पढावी, कारण त्याचं घर त्याच्याबरोबरच फिरतं. आमच्या मजहबात त्याला सवलत आहे, पण पूर्ण पढणं अधिक चांगलं. मी सवलत घ्यायचं ठरवलं. गुडघे कुरकुरतात हेही एक कारण होतंच.

कुरणाच्या फाटकाशी पिवळं जाकीट घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते. त्यांना मार्शल म्हणतात. दोन गाड्यांमध्ये सहा मीटर अंतर हवं, एकीला आग लागली तर दुसरीला लागू नये म्हणून. ते अंतर त्यांनी पावलांनी मोजलं. मग चाकांखाली पाचरी सारून गाडी सपाट केली, शेजारी चांदणी ताणली आणि झालं घर. पंचवीस-तीस गाड्या असतील. बहुतेक निवृत्त जोडपी आणि प्रत्येक जोडप्याबरोबर निदान एक कुत्रा. शाफई माणसाला कुत्र्याचं ओलं नाक कपड्याला लागलं की सात वेळा धुणं, त्यातही एकदा मातीने. त्यामुळे पहिला दिवस माझा कुत्रे चुकवण्यातच गेला. गाडीच्या मागे आग्नेयेला तोंड करून चटई टाकली. आयुष्यभर पश्चिमेकडे तोंड केलेल्या माणसाला तिकडचा किब्ला दर वेळी नव्याने पटवून घ्यावा लागतो. मगरिब सव्वानऊच्या सुमारास. मी नियत बांधली तेव्हा शेजारच्या गाडीतल्या बाईंनी रेडिओ बंद केला. कोणी सांगितलं नव्हतं.

खाण्याची अडचण आली नाही. मांस भाजायला जावयाने स्वतःची वेगळी जाळी आणली होती आणि लेकीने सांदणं करून आणली होती, ती सगळ्यांनी खाल्ली. मी पिशवीतून नेलेला सुका बोंबील तळायला मात्र तिने साफ मनाई केली. त्या गाडीत तो तळला असता तर वर्षभर कोणी त्यात झोपू शकलं नसतं, हे मलाही मान्य आहे.

शनिवारी संध्याकाळी सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन गोल बसले. मार्शल मोठे उत्साही. त्यांनी मला सांगितलं की १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या एका माजी डॉक्टरने ब्रिस्टलच्या कारखान्यातून घोड्यांनी ओढायची एक ऐटदार गाडी करवून घेतली, तिचं नाव 'वाँडरर' ठेवलं आणि निव्वळ हौसेखातर तो देशभर हिंडला. जिप्सींच्या लाकडी गाड्यांवरूनच त्याला ती कल्पना सुचली. त्या काळचे हौशी स्वतःला कौतुकाने 'सद्गृहस्थ जिप्सी' म्हणवत. मीही त्यांना सांगितलं की व्हॅन हा शब्द कॅरॅव्हॅनचं शेपूट आहे आणि कॅरॅव्हॅन म्हणजे मूळ फारसी कारवाँ. त्यांनी लगेच वहीत टिपून घेतलं आणि रात्रीच्या प्रश्नमंजूषेत विचारलंही. कोणालाच उत्तर आलं नाही.

"असं कुठल्याही कुरणात उतरता येतं?" मी विचारलं.

"शेतकऱ्याची परवानगी हवी. बाकी परिषदेला विचारावं लागत नाही. आमच्या क्लबकडे सर्टिफिकेट आहे," ते अभिमानाने म्हणाले.

माझी लेक तिथल्या एका परिषदेच्या नियोजन खात्यात काम करते. रात्री बिछान्यावर पडल्या पडल्या तिने त्या सर्टिफिकेटची गोष्ट सांगितली. १९६०च्या कायद्याने असं ठरलं की अशा गाड्यांच्या तळाला परवाना लागेल. मान्यताप्राप्त क्लबांना त्यातून सूट मिळाली. पाच दिवसांपर्यंतचा मेळावा ते परवान्याशिवाय भरवू शकतात. त्याच कायद्याने ग्रामीण परिषदांना सामायिक गायरानांवर गाड्या उभ्या करायला बंदी घालण्याचा अधिकार दिला. जिप्सी पिढ्यानपिढ्या उतरत ती हीच गायरानं. १९६८च्या कायद्याने त्यांच्यासाठी तळ बांधण्याची जबाबदारी परिषदांवर टाकली, १९९४ साली ती काढून घेतली. २०२२पासून तर परवानगीवाचून उतरलेल्या आणि सांगूनही न हललेल्या माणसाची राहती गाडी पोलीस जप्त करू शकतात, त्याला तुरुंगवासही होऊ शकतो. यातल्या काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत आहेत असं २०२४च्या मेमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ठरवलं.

"म्हणजे गाडी तीच, नदी तीच," मी म्हटलं.

"सर्टिफिकेट नाही, अब्बा," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

रविवारी सकाळी कॉफीच्या वेळी बातमी आली की दोन मैलांवर रस्त्याच्या कडेला जिप्सींच्या गाड्या थांबल्या आहेत. जूनच्या सुरुवातीला उत्तरेकडे, ॲपलबी इथे त्यांची घोड्यांची मोठी जत्रा भरते. ईडन नदीत घोडे धुतात. तिकडे निघाले असतील. मार्शलनी फाटकाला साखळी घातली. "आपण काही तसले नाही," एक गृहस्थ म्हणाले आणि दुजोऱ्यासाठी नेमके माझ्याकडे बघू लागले. सबंध कुरणात परक्या दिसणाऱ्या आम्ही चारच जणांचं घर. मी मान डोलावली. आपल्याला आत मोजलं, याचा मला त्या क्षणी आनंदच झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असं.

दुपारी मी नदीकडे तोंड करून बसलो होतो. नातू खेळून धापा टाकत आला. त्याला मराठी बेताची येते, पण काही शब्द पक्के आहेत. "नाना, पाणी!" तो ओरडला. शेजारच्या, रेडिओ बंद करणाऱ्या बाईंनी चमकून वर पाहिलं. थोड्या वेळाने खुर्ची जवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, "तो पाण्याला काय म्हणाला?" मी सांगितलं. "माझी आजीही तेच म्हणायची," त्या म्हणाल्या.

मग त्या एकेक शब्द सांगत गेल्या. सुरीला चुरी, कानाला कान, केसांना बाल, दोनला दुई. जिप्सींची भाषा मूळ हिंदुस्थानातली आहे हे भाषापंडितांनी अठराव्या शतकाच्या अखेरीसच दाखवून दिलं. तसं मी कुठेतरी वाचलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि नदीकाठी एका गोऱ्या म्हातारीच्या तोंडून 'कान' ऐकणं वेगळं. त्यांची आजी घोडागाडीत जन्मली होती. शाळेत तिला कोणी टिकू दिलं नाही. मोठेपणी पक्क्या घरातल्या माणसाशी लग्न केलं आणि पुन्हा कधी आपल्या माणसांचं नाव काढलं नाही. नातीला तेवढे शब्द दिले, तेही स्वयंपाक करता करता. "अकरा वर्षं मी या क्लबात आहे," बाई म्हणाल्या, "इथे कोणाला ठाऊक नाही. तुम्हीही बोलू नका." मी शब्द दिला. मराठीत, नावगाव न घेता लिहिलं तर तो मोडत नाही, असं मी स्वतःला समजावलं आहे.

त्यांनी शाळेचं सांगितलं तेव्हा मला १९८६ साल आठवलं. मी नदीकाठच्या एका गावात शिक्षक होतो. पावसाळा संपल्यावर वाळूत दरवेशांची पालं पडत. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. ते अस्वलाचे खेळ करीत. मुसलमानच, आमच्यासारखे कलमा पढणारे. एका सकाळी त्यांच्यातला एक जण आठेक वर्षांच्या पोराला घेऊन शाळेच्या पायरीशी आला. सलाम करून म्हणाला, "गुरुजी, आठ-धा दिवस हाय आमी. पोराला बसू द्या. अक्षरं तरी बघंल."

"दाखला आहे?" मी विचारलं.

"दाखला कुठला, गुरुजी."

"मग नाव कसं घालणार?"

नाव घालायची गरजच नव्हती. त्या दिवशी हेडमास्तर रजेवर होते. मागच्या पट्टीवर पोर बसलं असतं तर कोणी विचारलं नसतं. माणूस हुज्जत न घालता गेला. पोर मात्र वळून वळून फळ्याकडे बघत होतं. जुम्याला तोच माणूस मशिदीत माझ्या सफेत, खांद्याला खांदा लावून उभा राहिला. सलाम फेरल्यावर मी घाईने चपला शोधल्या. त्याच आठवड्यात गावात कोणाची तरी कोंबडी हरवली आणि पालं उठवली गेली. इंग्रजांचा १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला होता. गावाला ते कोणी कळवलं नसावं. दाखला नाही म्हणून मुलाला अडवता येणार नाही असा कायदा २००९ साली झाला. तोवर ते पोर तिशी ओलांडून गेलं असेल.

हे मी बाईंना सांगणार होतो. शब्द जुळवतही होतो. तेवढ्यात मार्शल लॉटरीची तिकिटं विकत आले आणि बाई हसतमुख होऊन त्यांच्याशी हवेबद्दल बोलू लागल्या.

सोमवारी दुपारी आवराआवर झाली. चांदण्या उतरल्या, पाचरी निघाल्या. एकेक गाडी हलली तसे गवतावर पिवळे चौकोन उरले, गाडी उभी होती तेवढे, सारखे, सहा सहा मीटरवर. आमच्या चौकोनात नातू आडवा झाला आणि "हे आपलं घर" म्हणाला. मार्शल एक पिशवी घेऊन कागदाचा कपटादेखील वेचत होते. फाटकाची साखळी त्यांनी सकाळीच काढली होती. जिप्सी रात्रीतच निघून गेल्याचं कळलं.

बाईंनी खिडकीतून हात हलवला. मी वुजू केला, चटई गाडीमागच्या रिकाम्या चौकोनात टाकली. जोहरची वेळ झाली होती.

"अब्बा, दोनच ना? निघायला उशीर होतोय," जावई म्हणाला.

"आज चार," मी म्हटलं.