धनुष्याची किंमत

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल मळवली स्थानकात थांबते, तेव्हा तिच्या एका बाजूच्या डोंगरात भाज्याची लेणी असतात आणि दुसऱ्या बाजूच्या डोंगरात कार्ल्याची. कार्ल्याच्या चैत्यगृहात शिरून मान वर केली, की दगडी छताखाली ओळीने बसविलेल्या लाकडी कमानी दिसतात. हे लाकूड सागाचे असून ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. छत डोंगरातच कोरलेले असल्यामुळे त्याचा भार या कमानींवर मुळीच नाही. तरीही इतके पावसाळे उलटले, राजवटी आल्या आणि गेल्या, पण त्या लाकडाने आपला बाक सोडलेला नाही.

आता ‘कमान’ या शब्दाकडेच पाहावे. मराठीत कमान म्हटले, की वेशीवरचा अर्धगोल डोळ्यांपुढे येतो. परंतु हा शब्द फारसी भाषेतून मराठीत आला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ आहे धनुष्य. तीर, तिरंदाज हे शब्दही तिकडचेच. वाकलेल्या लाकडाची दोन रूपे एकाच शब्दात अशी एकत्र नांदत आहेत. मात्र या दोन रूपांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. लेण्यातील कमान वाकली ती कायमची वाकली, यातच तिचा मोठेपणा आहे. धनुष्याने मात्र वाकावे आणि सोडताच पुन्हा पूर्वीसारखे व्हावे. ज्या लाकडाला परत येता येत नाही, त्याचे धनुष्य होत नाही.

मावळच्या डोंगरवस्त्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी हे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. सह्याद्रीच्या रानात राहणाऱ्या अशा अनेक घरांना तिरकमठा परका नव्हता. पूर्वी तो शिकारीचे आणि रक्षणाचे साधन होता. वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा कायदा 1972 साली झाला आणि शिकारीचा तो काळ मागे पडला. तो योग्य रीतीनेच मागे पडला, कारण राने आक्रसली आणि प्राणी उणे झाले. तिरकमठ्यामागची विद्या मात्र त्यामुळे निरुपयोगी झाली नाही. कोणते लाकूड घ्यावे, ते केव्हा तोडावे, कसे वाळवावे, कोठे तासावे, हे ज्ञान आज नेमबाजीच्या खेळाला हवेच आहे.

या मुलखातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला धनुर्विद्या शिकण्याची हौस वाटली, तर तिच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. जत्रेत मिळणारे खेळण्यातले धनुष्य चार दिवसांत मोडते. त्याने नेम शिकता येत नाही. दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील धनुष्य आहे. धातूची मूठ, कार्बनच्या भुजा, नेम धरण्याचे यंत्र, तोल सांभाळणारे दांडे अशा त्या साऱ्या साहित्याची किंमत लाखांच्या घरात जाते. शेतमजुराच्या किंवा चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्याच्या घरी तो आकडा ऐकूनच हौस विझून जावी. परंतु या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरे धनुष्य आहे. ते अख्ख्या बांबूचे किंवा लाकडाचे असते, हाताने तासलेले असते, आणि साध्या घरालाही थोडी काटकसर करून घेता येते.

ते धनुष्य स्वस्त आहे, म्हणून ते कमी प्रतीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. राजस्थानातील उदयपूरकडच्या आदिवासी भागातील लिंबा राम यांचे बालपण बांबूच्या धनुष्यावर गेले. पुढे त्यांनी 1988, 1992 आणि 1996 अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले आणि 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली. रांचीजवळच्या दीपिका कुमारी यांचे वडील रिक्षा चालवीत. महागडे साहित्य घेणे घराला परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी आरंभी घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यबाणांनी सराव केला. 2010 साली दिल्लीला झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनीच दोन सुवर्णपदके मिळविली. आपल्या देशातील तिरंदाजीच्या स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ नावाचा एक स्वतंत्र प्रकारही आहे. त्यात यंत्रांनी सजलेले धनुष्य चालत नाही, बांबूचे साधे धनुष्यच हाती घ्यावे लागते.

जगाच्या इतिहासातही लाकडी धनुष्याचे स्थान मोठे आहे. डेन्मार्कमध्ये होल्मेगार्ड येथील दलदलीत एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची धनुष्ये सापडली. ती सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची आहेत. इंग्लंडचे ‘मेरी रोझ’ हे युद्धनौकांपैकी एक नामांकित जहाज 1545 साली समुद्रात बुडाले होते. त्याच्या अवशेषांतून यू नावाच्या वृक्षाच्या लाकडाची शंभराहून अधिक धनुष्ये वर काढण्यात आली. जपानमध्ये बांबू आणि लाकूड एकत्र चिकटवून माणसाच्या उंचीहूनही लांब धनुष्ये करतात, आणि ती विद्या तेथे आजही आदराने शिकविली जाते. ज्याला जे झाड जवळ होते, त्याने त्या झाडाचा स्वभाव ओळखून आपले धनुष्य घडविले.

म्हणूनच लाकडी धनुष्य घेताना पैशाआधी लाकडाची ओळख हवी. धनुष्य ओढले, की त्याच्या लक्ष्याकडील बाजूचे तंतू ताणले जातात आणि तिरंदाजाकडील बाजूचे तंतू दाबले जातात. ताणलेली बाजू कमजोर असेल, तर तेथे चीर पडते. दाबलेली बाजू कमजोर असेल, तर तेथे सुरकुत्या पडून धनुष्य बसते. बांबूचे बळकट तंतू त्याच्या हिरव्या सालीलगत दाट असतात, आणि आतल्या पोकळीकडे ते विरळ होत जातात. या कारणाने जाणता कारागीर साल लक्ष्याच्या दिशेला ठेवतो, आणि तासायचे ते आतल्या बाजूने तासतो. सालीवर एक जरी खोल ओरखडा गेला, तरी धनुष्याचे आयुष्य तेथे तुटते. चकाकी यावी म्हणून सालीवर कानस फिरविलेले देखणे धनुष्य दुकानात दिसले, तर शहाण्याने ते हाती घेऊन पुन्हा जागेवर ठेवावे.

बांबूचे वयही पाहावे लागते. सूप-टोपल्या विणण्यासाठी बुरूड कोवळा, सहज चिरला जाणारा बांबू निवडतो. धनुष्याला तो चालत नाही. त्यासाठी निदान तीन वर्षांचा, जाड भिंतीचा, पिकलेला बांबू हवा. तो ओला असताना तासला, तर वाळताना वेडावाकडा होतो. त्याला कीड लागली असेल, तर बारीक छिद्रे दिसतात आणि हाताने झटकल्यावर पिठासारखी भुकटी पडते. चुलीवरच्या माळ्यावर धुरात राहिलेल्या बांबूला कीड सहसा लागत नाही, हे खेड्यातील घरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

यानंतर धनुष्याला दोरी चढवून ते समोर धरावे. दोरी मुठीच्या बरोबर मध्यावरून जाते का, हे पाहावे. मग दुसऱ्या कोणाला ते सावकाश थोडे ओढण्यास सांगून दुरून निरखावे. वरची आणि खालची भुजा सारखीच वाकली पाहिजे. बाक नदीच्या वळणासारखा हळूहळू यावा. एखाद्याच ठिकाणी कोपरासारखा कोन दिसला, तर सारा ताण तेथे गोळा होतो आणि धनुष्य एके दिवशी तेथेच मोडते. साध्या लाकडी धनुष्याची लांबी तिरंदाजाच्या उंचीइतकी असावी, आणि दोरी धनुष्याच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक मागे ओढू नये. आखूड धनुष्य फार ओढणे म्हणजे एकाच बैलावर दोन बैलांचे ओझे लादणे होय.

सर्वांत मोठा मोह जोराचा असतो. धनुष्याचा जोर पौंडांत मोजतात. पूर्ण ओढलेली दोरी जितका भार तोलील तितका त्याचा जोर. तो साध्या ताणकाट्यावरही मोजता येतो. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना आरंभी 15 ते 20 पौंडांचे, म्हणजे सुमारे 7 ते 9 किलोचे धनुष्य पुरते. मित्रांपुढे मिरविण्यासाठी याच्या दुप्पट जोराचे धनुष्य घेतले, तर हात थरथरतो, खांदा दुखावतो आणि नेम कधीच बसत नाही. जे धनुष्य ओढून क्षणभर स्थिर राहता येते, तेच आपले धनुष्य. सुदैवाने कमी जोराचे धनुष्य सहसा स्वस्तही असते.

धनुष्य घेऊन झाल्यावर पुष्कळ जण बाणांच्या बाबतीत कंजूषपणा करतात. खरे तर साधे धनुष्य आणि सारखे बाण ही जोडी महाग धनुष्य आणि वेडेवाकडे बाण या जोडीला केव्हाही हरवील. दोरी सुटली, की बाण सरळ जात नाही. तो माशासारखा लवतो, धनुष्याच्या दांड्याला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. बाण फार ताठ असेल किंवा फार लवचिक असेल, तर तो एका बाजूला भरकटतो. म्हणून सर्व बाण एकाच जाडीचे, एकाच वजनाचे आणि धनुष्याच्या जोराला साजेसे हवेत. ते पूर्ण ओढीपेक्षा थोडे लांबच असावेत. आखूड बाण ओढताना मागे निसटतो आणि हाताला इजा करतो.

विकत घेतलेले धनुष्य टिकविणे हे त्यापुढचे काम. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढात येथे भिंतींना ओल येते आणि पेटीतल्या कपड्यांनाही बुरशी धरते. अशा हवेत लाकूड पाणी पिते आणि त्याचा जोर उतरतो. जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून धनुष्य कोरड्या जागी दोन खुंट्यांवर आडवे ठेवावे. कोपऱ्यात उभे टेकवून ठेवले, तर ते हळूहळू एका बाजूला झुकते. बाण न लावता दोरी ओढून सोडणे हा तर धनुष्यावरचा सर्वांत मोठा अन्याय. बाणाबरोबर जायची ती सारी शक्ती तेव्हा लाकडातच परत फिरते, आणि धनुष्य तडकते. सराव संपल्यावर दोरी उतरविणे हा नियम कधी चुकवू नये. रात्रभर दोरी चढलेली राहिली, तर लाकूड त्या वाकाला सरावते आणि परत येणे विसरते. घरात एखादे जाणते आजोबा असले, तर भुकेने धावत आलेल्या नातवाला ते उंबऱ्यातच विचारतील, “आरं, दोरी उतरवलीस का? मग बस जेवायला.”

सरावासाठी मोठ्या मैदानाची आणि खर्चाची आवश्यकता नसते. मावळ हा भाताचा मुलूख. मळणीनंतर उरलेला पेंढा घट्ट बांधून त्याचा जाड गठ्ठा केला, की लक्ष्य तयार होते. त्याच्या मागे मातीचा उंच बांध असावा, वाट किंवा वस्ती नसावी. जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून बाण लावू नये. सर्वांनी बाण सोडून धनुष्य खाली ठेवल्याशिवाय कोणीही बाण आणण्यासाठी पुढे जाऊ नये. आणि झाडावरच्या पाखरावर कधीही नेम धरू नये. पाखराला बाण लागला, तर कौशल्य सिद्ध होत नाही, एक जीव मात्र जातो. पेंढ्यावर काढलेल्या वर्तुळाच्या मध्यावर दहापैकी दहा बाण लावणे हे त्याहून पुष्कळ कठीण आहे.

संस्कृतात धनुष्याच्या दोरीला ‘गुण’ म्हणतात. लाकूड बाजारात पैशांनी मिळते, दोरीही मिळते. पण रोज तिची वीण तपासणे, ती वेळेवर चढविणे आणि वेळेवर उतरविणे, हे पैशांनी मिळत नाही. साध्या धनुष्याची किंमत अशी दोन भागांत द्यावी लागते. पहिला भाग थोड्या रुपयांचा असतो आणि तो एकदाच द्यावा लागतो. दुसरा भाग लक्ष देण्याचा असतो आणि तो रोज द्यावा लागतो. जो हा दुसरा भाग चुकता करतो, त्याचे बांबूचे धनुष्य वर्षानुवर्षे साथ देते. पुढेमागे ते थकले, तरी हळहळण्याचे कारण नाही. तोपर्यंत त्याला लाकूड ओळखता आलेले असते, आणि दुसरा बांबू कोठून, केव्हा व कसा तोडावा, हे कोणाला विचारावे लागत नाही.